मेन स्विच पाडणारे सर

काम झालं की सर उठायचे, पँटला हात पुसायचे आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडायचे. खटकन. पंखे बंद, दिवे बंद, लॅबमधली सगळी मशीनं एका दमात गप्प. मुलं ओरडायची आणि मी कपाळावर हात मारून घ्यायची, कारण माझ्या मशीनवर काहीतरी सेव्ह करायचं हमखास राहिलेलं असायचं. सर मात्र हाताची घडी घालून शांत उभे. थोड्या वेळाने स्विच वर. "आता कोणी हात लावायचा नाय," म्हणायचे. "वीज आली. ज्याने त्याने आपापलं उठायचं."

मी पेणची. सकाळच्या गाडीने रोह्याला यायचं, शाळा करायची, संध्याकाळी परत जायचं, यात माझी बरीच वर्षं गेली. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी रुजू झाले तेव्हा सर तिथे आधीपासून होते. त्याआधी ते धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम करायचे. ती नोकरी का सोडली असं विचारलं तर एवढंच सांगायचे, "वीज जाऊन आली. प्रत्येकाला वाटलं, पंप दुसरा कोणीतरी चालू करेल. कोणीच केला नाय." पुढे काय झालं ते कधी सांगितलं नाही. पण हाताने चालू कराव्या लागणाऱ्या वस्तूंवर त्यांचा दात होता. एखादी गोष्ट चालते असं त्यांना पटायचंच नाही, जोपर्यंत वीज घालवून परत आणून ती आपली आपण उभी राहिलेली बघत नाहीत तोपर्यंत.

आणि दुसरं वेड लिनक्सचं. शाळा विकतची प्रणाली घ्यायला निघाली तेव्हा सर हेडमास्तरांशी भांडभांड भांडले. "ज्याचं झाकण उघडून आत बघता येत नाय, ते मी पोरांना शिकवणार नाय," म्हणाले. मग लॅबमध्ये लिनक्स आलं, फुकटची आणि आतून उघडी प्रणाली. दारावर सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली: 'इथे कुलूप नाही. कोणीही यावे, आत पाहावे, हात लावावा.' ती पाटी वाचून मला सुरुवातीला हसू यायचं, कारण लॅबच्या दाराला चांगलं पितळी कुलूप होतं. चावी सरांच्या जानव्याला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून ती फाइल उघडून दाखवली. मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडून घ्यायची, ते त्या फाइलीत एकेका ओळीत लिहिलेलं असतं. सर म्हणाले, "बाई, ही घरची पंगत समजा. कोण येणार, कुठे बसणार, सगळं आधी ठरलेलं. आता माणूस ओळखायचा कसा? पहिला येईल तो पहिल्या पाटावर, असं केलंत तर फसाल. आज पहिली आलेली डिस्क उद्या तिसरी येईल. वायर कुठल्या खाचेत खुपसलीय तेही बघायचं नाय. प्रत्येक डिस्कला तिची स्वतःची ओळख असते, हा बघा लांबलचक नंबर. तो लिहायचा. मग ती कुठनं का येईना, तिचं पान तिलाच मिळतं."

"आणि आलीच नाही तर?" मी विचारलं.

"हां, आता कसं विचारलंत!" सर खूश झाले. "ओळीच्या शेवटी एक शब्द लिहायचा, नोफेल. म्हणजे आली तर बरं, नाय आली तर पुढे चला. हा शब्द विसरलात तर एका डिस्कपायी अख्खं मशीन ताटकळतं. दीड मिनिट वाट बघतं, मग हातपाय गाळतं आणि पासवर्ड मागत बसतं. जो येणार नाय त्याच्यासाठी घर थांबवायचं नाय. आणि जो कायमचा गेला, त्याची ओळच पुसून टाकायची."

हे ते मुलांकडून घोकून घ्यायचे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, पाढे विसरला असेल पण नोफेल विसरला नसेल.

लॅबच्या मोठ्या मशीनला सरांनी बोलतं केलं होतं. मशीन सुरू झालं की त्याच्या मागोमाग आपोआप सुरू होणारी छोटी छोटी कामं नेमून देता येतात. एक छपाई सांभाळतं, एक नेटवर्क. सरांनी त्यात आपलं एक काम घातलं होतं. सगळ्या डिस्का जागच्या जागी आल्या तरच ते चालायचं, एक जरी कमी असली तर नाही. चाललं की स्पीकरमधून सरांचाच आवाज यायचा. आधी एक खोकला, मग: "सगळे आले." मुलं एकसुरात "होऽऽ" म्हणायची. त्यानंतर सर मुलांची हजेरी घ्यायचे. खोकला पुन्हा रेकॉर्ड करून काढून टाका असं मी सुचवलं तर म्हणाले, "असू द्या. नायतर पोरांना वाटायचं दुसऱ्याच कोणाचा आवाज हाय."

मशीनला थांबू नकोस असं शिकवणारा हा माणूस जेवणाच्या बाबतीत मात्र नेमका उलटा. मधल्या सुट्टीत टीचर्स रूममध्ये सगळे जमल्याशिवाय ते डबा उघडायचे नाहीत आणि आम्हालाही उघडू द्यायचे नाहीत. त्यांच्या आईची ती शिस्त होती म्हणे, घरचं शेवटचं माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय पानं घ्यायची नाहीत. पोटात कावळे ओरडत असायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो सर, पी.टी.चे सर ग्राउंडवर आहेत, त्यांना नोफेल लावा आणि जेवायला घ्या!" सगळे हसले. सरही हसले. डबा काही उघडला नाही.

एकदा ते पेणला आमच्याकडे आले होते. माझ्या भावाचा गणपतीचा कारखाना आहे. साच्यांचे फोटो, कुठली मूर्ती कुठे जायची, सगळं एका मशीनवर, आणि ते मशीन वीज गेली की हटकून रुसायचं. सरांनी सकाळपासून बसून ते सरळ केलं. आम्ही म्हटलं, झालं, आता चहा घ्या. तर हे उठले आणि गेले थेट मेन स्विचकडे. तेव्हा रंगाचं काम ऐन भरात. कंप्रेसर चालू, कारागीर मोठ्या मूर्तीच्या सोंडेवर फवारा मारतोय. खटकन स्विच खाली. अर्ध्या सोंडेला गुलाबी रंग आणि अर्धी पांढरी.

"ओ सर, काय करताव?" कारागीर ओरडला. "कंप्रेसर चालू हाय नं माझा!"

"तुमचा कंप्रेसर हाताने चालू होतो. त्याला कोण पुसतंय?" सर म्हणाले. त्यांची नजर मशीनवर. ते आपोआप उठलं, साच्यांचे फोटो दिसले, तेव्हा कुठे त्यांनी चहाला हात लावला. कारागिराने पुढचा आठवडाभर त्यांचा उद्धार केला. पण ते मशीन आज इतक्या वर्षांनी, ऐन गणपतीच्या धामधुमीत वीज दहादा जाते तरी, कोणाला हाक मारत नाही.

सरांना एकच मुलगा. आमच्याच शाळेत शिकला, माझ्याही हाताखालून गेला. बापाचीच गत, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन झोपणारा. घरच्या मशीनवर बापलेक तासन्‌तास बसायचे. ते बोलण्याचं काम मुळात त्या मुलाने लिहिलं होतं, घरच्यासाठी. आवाज सरांचा. शाळेत आलं ते नंतर. मुलाला फोटोंचा नाद होता, त्यासाठी त्याची वेगळी डिस्क होती आणि तिला सरांनी नाव दिलं होतं 'चिरंजीव'. पुढे तो धाटावला कामाला लागला. तिथे पॅकिंगमध्ये कंत्राटावर काम करणारी एक मुलगी त्याला भेटली. खांबजवळच्या कातकरी वाडीतली.

तो तिला घरी घेऊन आला तो रविवार मला वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, नंतर सांगितला. एकदाच सांगितला आणि पदराने डोळे पुसले. सर दारात बसले होते. मुलीला बघून "या, बसा" म्हणाले. पानं मांडली. मुलगा तिला घेऊन सरांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बाबा, आम्ही लग्न करतोय." सरांनी भाताचा घास उचलला होता. तो त्यांनी पानात परत ठेवला आणि ते उठले. भरल्या पानावरून उठले. आईच्या शिस्तीत वाढलेला माणूस, शेवटचं माणूस येईपर्यंत घास न गिळणारा, तो घरी आलेल्या पोरीच्या शेजारून उठून गेला. मुलगाही उठला. आतल्या खोलीत गेला, मशीनमधनं आपली डिस्क काढली, खिशात घातली आणि मुलीला घेऊन निघून गेला.

मला हे कळलं तेव्हा मी लॅबच्या दारावरची ती पाटी बघत किती तरी वेळ उभी होते. कोणीही यावे. मग सरांना म्हटलं, म्हटल्याशिवाय राहवलं नाही, "ही पाटी आता काढा तरी." त्यांनी वर बघितलं. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. नाही चिडले. "काढतो," म्हणाले. पण पाटी काही काढली नाही.

मुलगा फार लांब गेला असता तर निदान विसरायची सोय झाली असती. हा बायकोच्या वाडीत राहायला गेला, खांबला. धाटावला शिफ्टला मोटरसायकलवरून यायचा, म्हणजे जवळजवळ बापाच्या नाकासमोरून. सर शाळा सुटली की धाटाव रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला थांबायला लागले. आधी ते चहा बाहेर पीत नसत. मी स्टेशनला जाताना दिसायचे, पेला हातात, नजर वर विजेच्या तारांकडे. दुपारच्या शिफ्टच्या बसगाड्या जायच्या, दुचाक्या जायच्या. एकदा मी शेजारी उभी असताना एक निळं हेल्मेट सूं करून गेलं. सर तारांकडे बघतच म्हणाले, "आज घातलंय." पेला ठेवला आणि चालायला लागले.

वहिनींचं मुलाशी फोनवर बोलणं व्हायचं. घरी ये म्हणायच्या, तिला घेऊन ये म्हणायच्या. तो म्हणायचा, "आई, तू बोलावतेस. ते नाय बोलावत. ज्यांनी उठून दाखवलं त्यांनी बोलावलं पाहिजे." सर बोलावत नव्हते. मुलगा येत नव्हता. दोघांच्या मध्ये वहिनी. एकाला डबा करायच्या आणि दुसऱ्याची आठवण काढायच्या.

मागच्या गणपतीनंतर, आमच्या कारखान्यात सगळं रिकामं रिकामं असताना, सर गेले. सकाळी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मुलगा आला. कुंडलिकेच्या काठावर त्याने अग्नी दिला, बाजूला उभा राहिला आणि सगळं आटोपल्यावर घाटावरूनच मोटरसायकलला किक मारून गेला. घरी आला नाही. पुढचं पुतण्याने केलं. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी बघत होते, त्याची किक तीनदा चुकली. वहिनी घरी मुलाची वाट बघत होत्या. आता सर गेले म्हणजे ज्यांनी बोलवायचं तेच गेले. आता तो कधीच यायचा नाही, हे वहिनींच्या मनाने घेतलं आणि खरं सांगते, माझ्याही.

तेरावं झाल्यावर वहिनींचा फोन आला. "ये गो जरा. ह्यांचा एक फोटो पाहिजे भिंतीवर लावायला. सगळे फोटो त्या मशीनमध्ये, आणि मशीन काय उठत नाय."

मला तर खरंच वाटेना. सरांचं मशीन आणि उठत नाही? शाळा सुटल्यावर गेले. वहिनींनी वीज घालवून परत आणली. मशीन घरघरलं, अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली. मी खाली वाकून वाचलं. एका डिस्कची वाट बघतंय. नाव इंग्रजी अक्षरांत: चिरंजीव. दीड मिनिट झालं, लाल अक्षरं आली आणि मशीन पासवर्ड मागत बसलं. पासवर्ड सरांबरोबर गेला होता.

"हे असंच व्हायचं गो," वहिनी मागून म्हणाल्या. "वीज गेली की हे असंच. तो गेल्यापासनं. हे समोर बसायचे आणि मला म्हणायचे, चहा टाक, अजून वाट बघतंय. चहा होईपर्यंत ते लाल यायचं. मग हे काहीतरी टाइप करायचे आणि चालू व्हायचं. एकदा विचारलं मी, काय करताव? तर म्हणाले, आजपुरतं वगळतो."

ती आज्ञा मी दरवर्षी मुलांना शिकवते. जी डिस्क आलेली नाही तिला कायमचं वगळता येतं. किंवा फक्त आजपुरतं वगळता येतं. मशीन बंद झालं की ते विसरतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तिची वाट बघतं. गंमत अशी की कायमचं वगळायला कमी टाइप करावं लागतं. आजपुरतं वगळायला एक शब्द जास्त लिहावा लागतो. सरांनी इतकी वर्षं, वीज गेली तेव्हा तेव्हा, तो एक जास्तीचा शब्द लिहिला होता. हाताने! ज्यांनी आमच्या अंगावर मेन स्विच पाडून पाडून आम्हाला हैराण केलं, त्यांच्या स्वतःच्या घरचं मशीन हाताने चालू होत होतं.

माझ्या पर्समध्ये शाळेचा पेनड्राइव्ह असतो, त्यावरूनही मशीन उघडता येतं. तसं उघडून मी ती फाइल काढली. प्रत्येक ओळीच्या शेवटी नोफेल. 'चिरंजीव'च्या ओळीवर नाही. पुसलेलीही नाही. त्या लांबलचक नंबरासकट जशीच्या तशी. बाकीच्या डिस्का चाळल्या. पंपांची चित्रं, मीटरची पुस्तकं, सर्किटं आणि सर्किटं, माणसाचा एक चेहरा नाही. फोटो सगळे मुलाच्या डिस्कवर गेले होते.

"आता मी इथे एक शब्द लिहिला ना वहिनी, की मशीन कोणाचीही वाट न बघता उठेल," मी म्हटलं. "लिहू?"

वहिनींनी स्क्रीनकडे बघितलं. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. "नको गो," म्हणाल्या. "ह्यांनी नाय लिहिला, तू कशाला लिहितेस? आधी त्याला जाऊन सांग. आणि दोघांनी यायचं म्हणावं, तिचं नाव घेऊन सांग."

रविवारी शेअरची मिनीडोर रिक्षा धरून कोलाडवरून खांबला गेले. वाडी हायवेपासून आत आहे. मुलगा रात्रपाळी करून नुकता उठलेला, तोंड धूत होता. बायको अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून दोघं गडबडली. "बाई, तुम्ही?"

"तुझी ती डिस्क कुठे आहे?" मी विचारलं. मला आडून आडून बोलता येत नाही.

"आहे पेटीत. का?"

"काही नवीन घातलंस तिच्यात? पुसलीस?"

"हात नाय लावला." तो ओशाळून हसला. "आता तिचा काय उपयोग बाई? मी काढली त्याच दिवशी बाबांनी माझी ओळ पुसली असणार. त्यांचंच नं ते, जो कायमचा गेला त्याची ओळच पुसून टाकायची."

"नाही पुसली."

"मग नोफेल लावलं असेल."

"नाही लावलं."

तो ओल्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कोणाला मला तासभर समजवावं लागलं असतं. त्याला नाही. तो ओट्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "म्हणजे मशीन दर वेळी थांबायचं?"

"दर वेळी. आणि तुझे बाबा समोर बसायचे. मग आजपुरतं वगळायचे तुला."

त्याने टॉवेलात तोंड घातलं. त्याच्या बायकोने सूप खाली ठेवलं. "काय झालं? मला सांगाल का कोणी?" तिने विचारलं. मी सांगितलं, सोपं करून. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीन थांबवता येतं, आणि एक फोन करता येत नाय?"

सरांची बाजू घ्यायची मला इतक्या वर्षांची सवय. पण त्या घटकेला मला सरांचा संताप संताप आला. रस्त्याच्या कोपऱ्यावर चहाचा पेला धरून उभं राहायचं, तारा बघायच्या, आणि समोरून जाणाऱ्या पोराला हात करायचा नाही! कसला हा ताठा, आणि काय मिळवलंत यात? त्या पोरीला मी एवढंच म्हटलं, "बरोबर आहे तुझं. करायला पाहिजे होता."

"आणि वाट बघितली ती ह्यांची," ती म्हणाली. "माझी नाय बघितली."

"वहिनींनी दोघांना बोलावलंय. तुझं नाव घेऊन."

ती नवऱ्याकडे बघत होती. त्याचा टॉवेल अजून तोंडावरच होता. "येते," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या शेजारून पुन्हा कोणी उठलं तर परत त्या घरात पाय नाय ठेवायची."

पुढच्या रविवारी सकाळी दोघं आली. तो उंबऱ्यावर अडखळला आणि वहिनींनी त्याला हाताला धरून आत घेतलं. तिला जवळ घेतलं. डिस्क जुन्या रुमालात गुंडाळलेली होती. मशीनच्या मागे हात घालून तो चाचपडत म्हणाला, "पूर्वी कुठल्या खाचेत होती तेच आठवत नाय."

"कुठेही लाव," मी म्हटलं. "ओळखेल."

त्याने लावली. चालू करायच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, बाबांसारखं करा."

मी मेन स्विचपाशी गेले. वहिनी म्हणाल्या, "घरी कधी पाडला नाय गो ह्यांनी, तो गेल्यापासनं." मी पाडला. खटकन. पंखा हळूहळू थांबला. मला भीती होती ती डिस्कचीच. इतकी वर्षं पेटीत पडलेली, गंज धरलेली असली तर? फिरलीच नाही तर? मग मी या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार होते की तुझा बाप तुझी वाट बघत होता? देवाचं नाव घेतलं आणि स्विच वर केला.

मशीन घरघरलं. डिस्क आधी नुसतीच कटकट वाजली, मग फिरायला लागली. अक्षरं वर सरकत गेली. जिथे अडायचं ती ओळ आली, आणि गेलीसुद्धा. मी श्वास सोडायच्या आत स्पीकर खरखरला. खोकला. आणि मग सर:

"सगळे आले. पानं घ्या."

घरच्या मशीनचं वाक्य एवढं होतं. शाळेत आम्हाला त्यातलं अर्धंच मिळालं होतं. मुलगा भिंतीला कपाळ टेकून हमसून हमसून रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "ऐकलंस नं गो?" त्या सुनेला म्हणाल्या. "चल, पानं घे."

फोटो नंतर मिळाला. मुलानेच कधीतरी काढलेला, सर मेन स्विचवर हात ठेवून हसतायत, पुढच्या क्षणी पाडणार. तो आता भिंतीवर आहे. पण तो त्या दिवशी शोधायला कोणाला सुचलं नाही. सुनेने चार पानं घेतली. ती दाराजवळ कडेला बसायला लागली तर वहिनींनी तिला उठवलं आणि ज्या पाटावरून सर उठले होते त्या पाटावर बसवलं. तिने आधी नुसताच भात कालवला. मग हळूहळू जेवायला लागली. वहिनी वाढत होत्या आणि आग्रह करत होत्या, मुलगा बापाच्या खोड्या सांगत होता, मी त्यात सोंडेची गोष्ट घातली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. भात संपला, ताक संपलं, हात वाळून कोरडे झाले. पानावरून कोणी उठलं नाही.